गॅस्ट्रिक बँडनंतरचं जेवण: कोल्हापूरच्या ताटातलं काय उतरतं, काय अडकतं

वजन कमी करण्यासाठी पोटात गॅस्ट्रिक बँड बसवून माणूस घरी आला, की घरात दोन गोष्टी हमखास घडतात. त्याच्या पुढ्यात गुरगुट्या भात, खीर, शिरा येऊ लागतो. आणि महिन्याभरानं तो पंगतीला बसला, की "एवढ्याशानं काय हुतंय? घे की अजून वाईच" असा आग्रह सुरू होतो. दोन्ही मायेपोटीच. पण बँड ज्या पद्धतीनं काम करतो, तिच्या हे दोन्ही उलट जातं. मऊ आणि गोड पदार्थ त्यातून सरळ खाली उतरतात आणि भूक तशीच राहते. आग्रहाचा शेवटचा घास मात्र बहुतेक वेळा अडकतो. म्हणून हा लेख ऑपरेशन झालेल्यांनी वाचावाच, पण त्यांना वाढणाऱ्यांनी आधी वाचावा.

बँड म्हणजे सिलिकॉनची कडी. अन्ननलिका जठराला मिळते तिथून जरा खाली, जठराच्या वरच्या भागाभोवती ती बसवतात. जठर कापत नाहीत, आतड्यांना हात लावत नाहीत. कडीच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखा फुगणारा भाग असतो, फक्त त्यात हवेऐवजी सलाईन भरतात. तिथून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीला जोडलेली असते. या डबीला पोर्ट म्हणतात. सर्जन बाहेरून पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरतात किंवा काढून घेतात. भरलं की कडी आवळते, काढलं की सैल होते. बँडच्या मापाप्रमाणे त्यात एकूण 4 ते 14 मिली सलाईन मावतं, म्हणजे जेमतेम एक ते तीन चमचे. त्यामुळे अर्ध्या मिलीच्या फरकानंही कालपर्यंत उतरणारी भाकरी आज अडकू शकते.

1993 साली बेल्जियममध्ये डॉ. मितिकू बेलाशू यांनी असा सैल-घट्ट करता येणारा बँड पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला. अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मान्यता मिळाली आणि पुढची काही वर्षं त्याची चलती होती. आता आपल्याकडेही बहुतेक सर्जन स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) किंवा बायपास (जठर छोटं करून अन्नाची वाट थेट पुढच्या आतड्याला जोडणं) सुचवतात, कारण बँडनं वजन तुलनेनं कमी उतरतं, आणि पुढे तो सरकल्यामुळे, जठरात रुतल्यामुळे किंवा नळी गळल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागणाऱ्यांची संख्याही बरीच आहे. पण ज्यांच्या पोटात तो आहे, त्यांना रोज दोन वेळा त्याच्यासोबतच जेवायचं आहे. त्यांनी ओळखीतल्या स्लीव्ह झालेल्या मावशींचा डाएट चार्ट व्हॉट्सअॅपवर मागवून तो पाळू नये. नियम वरवर सारखे दिसतात, पण त्या चार्टमध्ये सलाईन भरण्या-काढण्याचा विषयच नसतो, आणि बँडचा निम्मा कारभार त्यावर चालतो.

भूक नेमकी कशानं भागते

पूर्वी असं समजावलं जायचं की बँडच्या वर जठराची छोटी पिशवी तयार होते, ती अन्नानं भरते, हळूहळू खाली झिरपते आणि तोवर पोट भरल्यासारखं वाटतं. अजूनही कितीतरी पेशंट हेच डोक्यात धरून जेवतात, आणि त्रासाचं मूळ तिथंच आहे. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे जे चित्र स्पष्ट झालं, ते वेगळं आहे. बँड नीट जुळवलेला असेल तर वर अन्न साठून राहत नाही, आणि राहूही नये. बारीक चावलेला छोटा घास अन्ननलिका दाब देऊन बँडमधून खाली ढकलते. एका घासाला असे दोन ते सहा दाब लागतात, मिनिटभर जाऊ शकतं. प्रत्येक दाबाला बँडजवळच्या जठराच्या भिंतीवर ताण येतो आणि तिथल्या नसा मेंदूला "पुरे" असा निरोप पाठवतात. वीसेक घासांत असे पुष्कळ निरोप पोहोचतात आणि अर्ध्या-पाऊण वाटीत भूक शमते.

एवढं एक समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. घासाला थोडा घट्टपणा हवा, कारण पातळ पदार्थाला दाब लागत नाही आणि दाब नाही तर निरोपही नाही. पहिला घास खाली गेल्याशिवाय दुसरा गिळायचा नाही, कारण मग घासावर घास चढतो, वरचा भाग ताणला जातो, छातीत कळ येते, उलटी होते. हेच महिनोन्महिने चाललं तर वरची पिशवी फुगते आणि जठर बँडमधून वर सरकतं. तडस लागेपर्यंत जेवायची सवय ज्यांना आहे, त्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच: पोट भरल्याची वाट न बघता, भूक गेली की थांबणं.

पहिले सहा आठवडे

या काळात नियम वेगळे असतात, आणि त्याला कारण आहे. बँड जागेवर राहावा म्हणून सर्जन जठराची घडी त्यावर आणून टाके घालतात. ते टाके धरेपर्यंत आणि सूज उतरेपर्यंत जोराची उलटी होता कामा नये. म्हणून पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं किंवा चमच्यानं मोडणारं मऊ, आणि मग हळूहळू घट्ट जेवण. प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचाच पाळायचा.

पातळ खाण्याच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. मटण शिजवताना मसाला पडण्याआधी हळद-मीठ-आलं-लसणाचा जो अळणी रस्सा निघतो, जो आपण घरातल्या लहान पोरांना आणि आजारपणातून उठलेल्यांना देतो, तो या दिवसांत उत्तम. गाळून घ्यायचा, थंड करून वरची चरबी काढायची, पुन्हा कोमट करून घोट-घोट प्यायचा. मात्र त्यात ताकद भरपूर असते हा आपला समज पुरता खरा नाही. गाळलेल्या रश्श्यात प्रथिनं थोडीच उतरतात, म्हणून सोबत साय काढलेलं दूध, पातळ ताक, मुगाच्या वरणाचं गाळलेलं पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर लागतेच. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतात, तेव्हा तो पुढच्या टप्प्यासाठी ठेवा, तोही वाटीभरच. तांबड्याचा तिखटपणा ताज्या जखमेला आणि अॅसिडिटीला सोसत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही आवडीचं असलं तरी या काळात न तापवलेलं दूध नको.

मऊ टप्प्यात पातळ पिठलं, हुलग्याचं माडगं, नाचणीचं आंबील, घोटलेलं वरण, ताजं दही, मोडून घेतलेलं पनीर, उकडलेल्या माशाचा काटे काढून कुस्करलेला तुकडा हे सगळं चालतं. एका वेळी चार-पाच चमच्यांपासून सुरुवात करायची.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात एक गोष्ट घडते आणि तिनं माणसं खचतात. सूज उतरलेली असते, बँडमध्ये सलाईन जवळजवळ नसतं, आणि जुनी भूक पुन्हा डोकं वर काढते. "एवढे पैसे घातले आणि काही उपयोगच झाला नाही" असे फोन या दिवसांत येतात. उपयोग अजून सुरू व्हायचा असतो. पहिलं सलाईन साधारण चार ते सहा आठवड्यांनी भरतात आणि नीट जुळायला त्यानंतर आणखी काही फेऱ्या लागतात. तोवरचा काळ जखम भरून येण्याचा आहे. वजन उतरवण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

एक घास, एक मिनिट

आता घट्ट जेवण सुरू झालंय असं धरू. रात्रीचे साडेआठ, घरात ज्वारीची भाकरी आणि मटणाचा खिमा. मोठं ताट बाजूला ठेवा आणि नाश्त्याची लहान बशी घ्या. त्यात तीन-चार मोठे चमचे खिमा, चमचाभर शिजवलेली मेथी किंवा दोडका, आणि भाकरीचा चतकोर. पाण्याचा तांब्या ताटाशेजारी ठेवूच नका, हात आपोआप जातो. आधी खिमा. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा, लहान चमच्यानं किंवा दोन बोटांत मावेल असा. तो वीस वेळा चावायचा, म्हणजे तोंडात दाणा लागेनासा होईपर्यंत. गिळायचा. मग चमचा खाली ठेवायचा, हातात धरून बसायचं नाही. घड्याळाकडे बघा. पहिले काही दिवस हे मिनिट फार लांबलचक वाटतं. शेजारी पोरगा तेवढ्यात अर्धी भाकरी संपवतो. छातीच्या मधोमध काही रेंगाळत नाही ना याकडे लक्ष द्या आणि मगच दुसरा घास. वीस-पंचवीस मिनिटं झाली की बशीत उरलं असलं तरी उठा. अन्न टाकू नये हे आपल्यावरचे संस्कार आहेत, म्हणून मुळात वाढूनच कमी घ्या. उरलं तर झाकून ठेवा.

एक खूण अनेकांना उपयोगी पडते. भूक भागत आली की शरीर आपणहून काहीतरी सांगतं: एक खोल उसासा येतो, उचकी लागते, शिंक येते किंवा नाकातून पाणी येतं. प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखा आणि ती दिसली की तिथंच थांबा, पुढचा घास बशीत राहू द्या.

खिमा आधी आणि भाकरी नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. दिवसाला साधारण 60 ग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त प्रथिनं लागतात, आणि पोटात जागा एवढीशीच. एका अंड्यातून 6 ग्रॅमच्या आसपास मिळतात, 100 ग्रॅम पनीरमधून अठराएक, शिजलेल्या 100 ग्रॅम चिकनमधून पंचवीसच्या वर. आपल्या नेहमीच्या पातळ वरणाच्या वाटीत मात्र चार-पाच ग्रॅमच. म्हणजे आधी भात-वरण खाऊन भूक गेली, तर प्रथिनांचा हिशेब कधीच पुरा होणार नाही. स्नायू झिजतात, थकवा येतो, तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागतात. शाकाहारी घरात हे जास्त जपून करावं लागतं: घट्ट मुगाची उसळ, पनीर, दही, सोयाबीन यांची रोजची सोय आधी बघायची आणि भाकरी-भात मागून.

जेवताना पाणी नको, जेवण झाल्यावरही साधारण अर्धा तास नको. पाण्यानं घास लवकर निसटतो आणि जास्त खाल्लं जातं, किंवा अडकलेल्या घासावर पाणी चढतं आणि उलटी होते. बाकी दिवसभर घोट-घोट करून दीड-दोन लिटर पाणी जायला हवं. सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. त्यांनी उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा घ्यावा आणि नाश्ता तासाभरानं करावा. सोडा, कोल्ड्रिंक, बिअर यांच्या वायूनं वरचा भाग फुगून दुखतो. ते बंदच केलेलं बरं.

अडकणारे पदार्थ

मिसळीबरोबर आपल्याकडे मिळतो तो ब्रेड, आणि पाव, हे अडकणाऱ्यांत सगळ्यात पुढे. मऊ पाव लाळेत भिजून चिकट गोळा होतो, आणि कटात बुडवून खाल्ला तर आणखीच. ताज्या मऊ चपातीचंही थोडंफार तसंच. अनेकांना तिच्यापेक्षा पातळ, खरपूस भाजलेली ज्वारीची भाकरी बरी जाते, कारण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. मोकळा शिजलेला भात काहींना चालतो, चिकट आसट भात बसून राहतो. साबुदाण्याची खिचडी चिकटही आणि फुगणारीही. तिच्यापासून लांब राहा.

मटण खाता येतं का, हा कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो. येतं. पण सुक्क्यातला मोठा, धाग्याधाग्याचा तुकडा नको. कुकरला जास्तीच्या शिट्ट्या देऊन मऊ केलेलं, धाग्यांच्या आडवं बारीक कापलेलं, रश्श्याच्या ओलाव्यातलं मटण घ्या, किंवा सरळ खिमा. चिकनच्या छातीचा कोरडा तुकडा मटणाहून जास्त त्रास देतो. मासे सगळ्यात सोपे. मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, पालेभाजीचे देठ, संत्र्याची फोडीवरची साल, पेरूच्या बिया, सुकं खोबरं यांनीही त्रास होतो. शिळं अन्न पुन्हा गरम केलं की कोरडं पडतं आणि ताज्याहून जास्त अडकतं. फ्रिजमधलं चिकन मायक्रोवेव्हमध्ये तापवून खाणाऱ्यांना याचा अनुभव लवकर येतो.

ही यादी प्रत्येकाची वेगळी निघते. एका वेळी एकच नवा पदार्थ, घरी, निवांत असताना खाऊन बघा. लग्नाच्या पंगतीत प्रयोग नको.

घास अडकतो तेव्हा काय होतं, ते एकदा स्पष्ट सांगायला हवं, कारण पहिल्यांदा फार घाबरायला होतं. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांच्या बाबतीत हे गावच्या जत्रेत झालं. मंडपात गर्दी, मागची पंगत खोळंबलेली, वाढणारा डोक्यावर उभा. त्यांनी मटणाचे दोन घास पाठोपाठ गिळले. आधी छातीच्या हाडामागे घट्ट दाब आला. मग तोंडात लाळ सुटू लागली, पातळ नव्हे, बुळबुळीत फेसाळ, गिळता येईना अशी. पुतण्यानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांनी प्यायलं, आणि ते पाणी तसंच वर आलं. उठून मंडपाच्या मागे गेले, वाकून फेस थुंकत राहिले, काही वेळानं घास वर आला आणि मोकळं वाटलं.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे खाणं तिथल्या तिथं थांबवायचं आणि पाणी प्यायचं नाही. खाली अडलेलं असताना वरून पाणी ओतलं तर ते वरच येणार. उठून उभं राहा, हळूहळू चाला, खांदे सैल सोडा, लाळ थुंकून टाका. बहुतेक वेळा घास खाली तरी जातो किंवा वर तरी येतो. पाठीत बुक्क्या मारू नयेत. घास अन्ननलिकेत आहे, श्वासनलिकेत नाही. बोलता येत असेल आणि श्वास चालू असेल तर शांत राहा. नंतर तो भाग सुजलेला असतो, म्हणून पुढचे चोवीस तास पातळच घ्या. "आता मोकळं झालं" म्हणून पुन्हा ताटावर बसणाऱ्याला दुसऱ्यांदा त्याहून लवकर अडकतं.

मऊ अन्नाचा सापळा

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. आठवड्यातून दोन-तीनदा अडकायला लागलं, की माणूस नकळत जेवण बदलतो. मटण बंद होतं, भाकरी बंद होते, उसळ बंद होते. त्यांच्या जागी खीर, शिरा, दूध-बिस्किटं, आइस्क्रीम, आमरस येतो. भडंग आणि फरसाणही येतं, कारण कुरकुरीत पदार्थ तोंडात विरघळून सहज उतरतात. घरचे म्हणतात, "त्याला तेच सोसतंय, खाऊ दे." आणि वजन थांबतं, मग चढायला लागतं. म्हशीच्या अडीचशे मिली दुधात अडीचशे किंवा त्याहून जास्त उष्मांक असतात आणि बँडला त्याची दखलही नसते. उसाच्या रसाचा ग्लास, काकवी घातलेला खाऊ, साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा, सगळं एका दमात खाली. भूक भागवणारा दाब तर आलेलाच नसतो, म्हणून तासाभरात पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं.

हा माणूस खादाड झालेला नाही आणि त्याचा निश्चयही कमी पडलेला नाही. त्याचा बँड जास्त घट्ट झालाय. मऊ खाऊन दिवस काढणं हा त्यावरचा इलाज नाही; सर्जनकडे जाऊन थोडं सलाईन काढून घेणं हा इलाज आहे. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. पण "सैल केला तर वजन वाढेल" या भीतीनं माणसं महिनोन्महिने जात नाहीत, आणि उलट "डॉक्टर, अजून थोडं टाईट करा" म्हणतात. घट्ट बँड म्हणजे जास्त चांगला बँड, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

डॉक्टर यासाठी पिवळा, हिरवा आणि लाल असे तीन पट्टे सांगतात. जेवून दोन तासांत पुन्हा कडाडून भूक, मोठमोठे घास सहज जातायत, वजन हलत नाही, हा पिवळा. इथं थोडं सलाईन भरायला हवं. छोट्या जेवणानं चार-पाच तास बरं वाटतंय, भाकरी-भाजी-मटण नीट चावून जातंय, वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतंय, हा हिरवा. इथं काहीही बदलू नये. घास वारंवार अडकतोय, उलट्या, छातीत जळजळ, रात्री आडवं झालं की घशाशी येणं किंवा खोकला, आणि मऊ-गोडाकडे ओढा, हा लाल. रात्रीचा खोकला मला जास्त काळजीचा वाटतो. लोक त्यावर खोकल्याचं औषध घेत राहतात, आणि खरं तर वर साठलेलं पाणी-अन्न छातीकडे येत असतं.

ऑपरेशनसाठी आपल्याकडचे बरेच जण पुण्या-मुंबईला जातात. पुणं म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलोमीटर, आणि पहिल्या वर्षी सलाईनसाठी बऱ्याच फेऱ्या होतात. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या की पोर्टमध्ये सलाईन भरणं-काढणं कोल्हापूर-सांगली भागात कोण करेल, आणि रात्री-अपरात्री बँड रिकामा करायची वेळ आली तर कुठं जायचं. पोर्टला खास प्रकारची सुई लागते. साधी इंजेक्शनची सुई पोर्टचं रबर कापते, म्हणून जवळच्या दवाखान्यात कुणालाही टोचू देऊ नका.

आग्रह, उपास आणि गोळ्या

आग्रहावर तोडगा घरातल्या एका माणसानं काढायचा असतो. पेशंटला दर पंगतीत स्वतःचं ऑपरेशन समजावून सांगायला लावणं हा अन्याय आहे. बायकोनं, भावानं किंवा मुलीनं आधीच यजमानाच्या कानावर घालावं: "त्यांना डॉक्टरांनी हळू आणि थोडं जेवायला सांगितलंय, वाढू नका, लागलं तर मागतील." जत्रेला किंवा म्हाईला जाण्याआधी घरी चार घास निवांत खाऊन जावं, आणि तिथं वाटीभर रस्सा घेऊन बसावं. हातात वाटी दिसली की पाहुणे सहसा मागे लागत नाहीत. सासूबाईंना किंवा आईला एकदा जेवताना समोर बसवून अडकल्याचं लक्षण आणि मिनिटाचा नियम दाखवा. ज्या घरात हे झालं, तिथं पुढचं सगळं सोपं गेलेलं मी पाहिलंय.

सोमवार, संकष्टी, नवरात्र हे उपास बँडवर पूर्वीसारखे झेपत नाहीत. दिवसभर पोट रिकामं आणि चंद्रोदयानंतर घाईनं जेवण, म्हणजे अडकण्याची पक्की तयारी. उपास सोडवत नसेल तर दिवसभर दूध-ताक-दही ठरावीक वेळी घ्या, शेंगदाणे कुटून घ्या, आणि रात्रीचा पहिला घास सगळ्यात छोटा ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच. तसंही बँडनंतर जेवण कमी झालं की साखरेच्या आणि रक्तदाबाच्या औषधांचे डोस कमी करावे लागतात. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम खाली येते.

मोठ्या गोळ्या अडकतात, म्हणून शक्य तिथं सिरप किंवा विरघळणाऱ्या गोळ्या मागा. सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत; दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. अंगदुखी-गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी जठराला व्रण पडू शकतो. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घरोघरी असतं, पण ते पाण्यात फुगतं आणि घट्ट बँडच्या वर अडकून बसू शकतं, तेव्हा तेही विचारूनच. जीवनसत्त्वांची गोळी, बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जे लिहून दिलंय ते वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. बँडनं अन्नाचं शोषण कमी होत नाही, पण खाणंच एवढं थोडं असतं की त्यातून सगळं भागत नाही.

थांबायचं नाही, निघायचं

साधं पाणीही खाली जात नाही, स्वतःची लाळ थुंकावी लागतेय आणि काही तास असंच चाललंय, तर सकाळची वाट बघू नका. पोटाच्या वरच्या भागात अचानक जोराची, न थांबणारी कळ, सतत उलट्या, उलटीत रक्त, काळी शी, ताप किंवा पोर्टच्या जागी लाली-सूज-पू, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बँड सरकला असेल तर तो रिकामा करायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जठराला महागात पडू शकतो. पोर्टची जागा खूप दिवसांनी अचानक चिघळली आणि त्याच सुमारास जेवण एकदम मोकळं जायला लागलं, तर बँड जठराच्या भिंतीतून आत रुतला असण्याची शंका घ्यायची.

उलट्या बरेच दिवस चालू राहिल्या की ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, झपाट्यानं संपतं. चालताना झोक जाणं, एकाचं दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा पेशंटला नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर आणखी बिघडू शकतं, आधी थायमिन द्यावं लागतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला "बँड आहे आणि इतके दिवस उलट्या होतायत" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

गरोदरपणात, मोठ्या आजारपणात किंवा दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनच्या आधी बँड सैल करावा लागू शकतो, तेव्हा त्या डॉक्टरांनाही तो असल्याचं कळायला हवं. बँड कुठल्या कंपनीचा आणि किती मापाचा, कधी बसवला, आत्ता त्यात किती मिली सलाईन आहे आणि शेवटचं कधी भरलं, एवढं एका कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. दर वेळी सलाईन भरल्यावर किंवा काढल्यावर तो आकडा बदलायचा.